परदेशी सून, पत्ता सोलापूरचा : राहण्याचा परवाना म्हणजे नेमका कोणता कागद?

विजापूर_रोड (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. इथे वाचतोय बरीच वर्षं, धागा मात्र पहिल्यांदाच काढतोय.

मुलगा नऊ वर्षं म्युनिकला होता. सौ.च्या आजारपणामुळे तो, सूनबाई आणि चार वर्षांची नात असे तिघेही सोलापूरला राहायला आलेत. मुलाचा पासपोर्ट भारतीय आहे. सून जर्मन नागरिक, नातीचाही पासपोर्ट जर्मनच. दोघींना तिथल्या भारतीय वकिलातीतून एक वर्षाचा एन्ट्री व्हिसा मिळालाय. व्हिसा आहे म्हणजे सगळं झालं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

परवा नातीला शाळेत घालायला गेलो. तिथल्या क्लार्कबाईंनी दोन्ही पासपोर्ट चाळले आणि म्हणाल्या, "हा व्हिसा झाला काका. राहण्याचा परवाना कुठाय?" मी म्हटलं, हाच तो. "नाही, पोलिसांकडून येतो तो वेगळा." घरी येऊन भिंग घेऊन व्हिसा वाचला. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी. त्यांना येऊन आज ३८ दिवस झालेत.

सून शांत स्वभावाची आहे. पण त्या रात्री जेवताना तिनं भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून मुलाला विचारलं, "मी इथे बेकायदा राहतेय का?" त्याला उत्तर देता आलं नाही. मलाही नाही. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

हा कागद कुठे मिळतो? सोलापुरात काम होतं की मुंबई गाठावी लागते? उशीर झालाय त्याचं काय होईल? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

भुईकोट
काका, आधी सूनबाईंना सांगा की व्हिसा चालू आहे, त्या बेकायदा नाहीत. नोंदणी राहिली, ही चूक आहे आणि ती दुरुस्त होते. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नका.

व्हिसा म्हणजे देशात यायची परवानगी. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर येऊन इथे लांब राहायचं असेल तर परदेशी नागरिकानं १४ दिवसांत आपली नोंद करायची असते. नोंद झाली की जो कागद मिळतो त्याला आरसी (रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट) किंवा आरपी (रेसिडेन्शियल परमिट) म्हणतात. क्लार्कबाई ज्याला राहण्याचा परवाना म्हणाल्या तो हाच. मुंबईत यासाठी एफआरआरओचं, म्हणजे परदेशी नागरिकांच्या प्रादेशिक नोंदणी अधिकाऱ्याचं, स्वतंत्र कार्यालय आहे. असं कार्यालय जिथे नाही तिथे पोलीस प्रमुखच एफआरओ, म्हणजे नोंदणी अधिकारी, असतात. म्हणजे आपल्याकडे शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीणला पोलीस अधीक्षक.

पूर्वी खेटे घालावे लागत. २०१८ पासून ई-एफआरआरओ नावाचं पोर्टल आहे, अर्ज तिथेच भरायचा. बोलावलं तरच जायचं. आज रात्रीच बसा. पासपोर्ट, व्हिसाचं पान, फोटो, लग्नाचा दाखला, मुलाचा भारतीय पासपोर्ट, घराचं वीजबिल, आणि बायको माझ्यासोबत या पत्त्यावर राहते असं मुलाच्या सहीचं पत्र. विमानतळावर बसलेल्या शिक्क्याचं पान विसरू नका. तो शिक्का बहुतेक वेळा फिकट असतो. दिवसाउजेडी खिडकीपाशी पान धरून स्कॅन करा, तारीख वाचता आली पाहिजे. अर्ज परत येतात ते अशाच कारणांनी.

उशिराचं कारण खरं ते लिहा. सासूबाईंचं आजारपण, नियम वेळेवर कळला नाही. दंड लागेल, तो भरा.

मोहोळची_माई
सूनबाईंचा प्रश्न वाचून पोटात कालवलं हो काका. परक्या देशातून माणूस सासू-सासऱ्यांची सेवा करायला आलंय आणि त्याला जेवताना हा प्रश्न पडावा. लवकर मार्गी लागो.

शेंगाचटणी
एवढं घाबरायचं काय कारण हाय काका? घरची सून हाय की ओ. लग्नाचा दाखला घ्या, आधार काढा, शाळेला आधार दाखवा. आमच्या पेठेत सगळी कामं आधारवरच व्हायलीत. पोलिसांत स्वतःहून जाऊन "आम्ही उशीर केलाव" म्हणून कशाला सांगायचं?

भुईकोट
@शेंगाचटणी, दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण सल्ला ऐकू नये असा आहे. आधार म्हणजे ओळखीचा पुरावा. नागरिकत्वाचाही नाही आणि देशात राहण्याच्या हक्काचाही नाही. परदेशी माणसालाही आधार मिळतं, पण आधीच्या १२ महिन्यांत किमान १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. सूनबाईंना झालेत ३८. शिवाय परदेशी नागरिकाच्या आधारची मुदत व्हिसाच्या मुदतीला बांधलेली असते. म्हणजे मूळ कागद व्हिसा आणि नोंदणी हाच. आधार त्याच्या मागून येतं.

आणि लपवण्याचं म्हणाल तर, १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरिनर्स कायदा लागू झालाय. १९२०चा पासपोर्ट प्रवेश कायदा, १९३९चा नोंदणी कायदा, १९४६चा फॉरिनर्स कायदा आणि २००० सालचा विमान कंपन्यांच्या जबाबदारीचा कायदा, असे चार जुने कायदे जाऊन हा एक आला. त्यात शाळा-कॉलेज, हॉस्पिटल, घर देणारा, सगळ्यांवर परदेशी व्यक्तीची माहिती कळवायची जबाबदारी आहे. क्लार्कबाईंनी विचारलं ते त्यांचं काम होतं. स्वतःहून गेलेल्या माणसाकडे आणि सापडलेल्या माणसाकडे अधिकारी एका नजरेनं बघत नाहीत.

होटगीकर
भुईकोट यांचं शब्दन् शब्द बरोबर. मी घरमालक म्हणून सांगतो.

होटगी रोडला आमचा एक फ्लॅट आहे. तीन वर्षांपूर्वी दोन परदेशी विद्यार्थ्यांना भाड्यानं दिला. गुणी पोरं, सकाळी सहाला उठून अभ्यास करायची. मी भाडेकरार केला, डिपॉझिट घेतलं, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही दिली. माझ्या लेखी विषय संपला. महिनाभरानं एक हवालदार आले आणि म्हणाले, "सी फॉर्म भरलात का?" मी म्हटलं, तो तर लॉजवाल्यांसाठी असतो ना? तर तसं नाही. परदेशी माणूस तुमच्या छपराखाली राहायला आला की २४ तासांत ऑनलाइन कळवायचं. लॉज असो, घर असो, पैसे घ्या न घ्या.

मला घाम फुटला. पण त्यांनी समोर बसून पोर्टलवर माझं खातं उघडून दिलं, तासाभरात दोघांचे फॉर्म भरले. चहा घेतला आणि गेले. तेव्हा काका, तुमचं घर असलं तरी तुम्ही यजमान आहात, तोही फॉर्म विचारून घ्या.

त्या पोरांपैकी एकानं आरपीची झेरॉक्स दाराच्या आत खिळ्याला पिशवीत अडकवून ठेवली होती. विचारलं तर म्हणाला, रात्री कुणी दार वाजवलं तर शोधायला वेळ जाऊ नये. वीस-एकवीस वर्षांचं पोर. ती पिशवी अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

लंडनची_लेक
मी जुळे सोलापूरची, सध्या लेस्टरला. आमच्याकडे तर कागदच राहिला नाही.

पूर्वी बीआरपी नावाचं गुलाबीसर कार्ड असायचं. पर्समध्ये कार्ड असलं की जिवाला आधार वाटायचा. त्या कार्डांवर शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२४ छापलेली, मग तुमची राहायची परवानगी पुढे कितीही असो. आता सगळं ई-व्हिसा. सरकारी खात्यात लॉगिन करून शेअर कोड काढायचा आणि तो घरमालकाला किंवा नोकरी देणाऱ्याला द्यायचा. कोड ९० दिवस चालतो. नोकरीसाठीचा डब्ल्यूपासून सुरू होतो, भाड्याच्या घरासाठीचा आरपासून.

मी यात कशी अडकले ते सांगते. माझा भारतीय पासपोर्ट संपला, मी तिथेच नवा काढला आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला म्हणून जानेवारीत घरी आले. नवा पासपोर्ट ई-व्हिसाच्या खात्याला जोडायचा राहिला. परत जाताना मुंबईला विमान कंपनीच्या काउंटरवर माझी परवानगीच दिसेना. रात्रीचे अडीच, मागे रांग, आणि मी फोनवर पासवर्ड आठवतेय. जुना पासपोर्ट सोबत होता म्हणून खातं उघडलं आणि सुटले. आई बाहेर काचेला नाक लावून उभी होती. ती मी आत जाईपर्यंत हलली नाही.

म्हणून सगळ्यांना सांगणं, पासपोर्ट बदलला की त्याच आठवड्यात परवान्याच्या खात्यात तो बदला. आणि जुना पासपोर्ट टाकू नका.

सिद्धेश्वर_एक्सप्रेस
पासपोर्टवरून आठवलं. अमेरिकेत माझ्या मेहुण्याचा एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा तीन वर्षांचा मंजूर होता. पण पासपोर्टची मुदत अकराच महिने उरलेली. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं आय-९४ या प्रवेशनोंदीची तारीख पासपोर्ट संपतो त्या दिवसापर्यंतचीच दिली. याला वाटलं व्हिसावर तारीख पुढची आहे, काळजी नाही. तिथे तुम्ही किती दिवस राहू शकता ते आय-९४ ठरवतं, व्हिसाचं स्टिकर नव्हे. कंपनीच्या वकिलाच्या लक्षात आलं म्हणून वाचला. दर वेळी उतरल्यावर आय-९४ उघडून तारीख बघायची, हे तो आता प्रत्येकाला सांगत असतो.

रियाधकर
हा धागा वाचताना माझी सगळी नोकरी डोळ्यांपुढून गेली. आमचं घर शास्त्रीनगरचं. २००९ ते २०२३ मी सौदीत होतो, एसी दुरुस्तीच्या कामावर.

तिथे राहण्याचा परवाना म्हणजे इकामा. इकामा नसेल तर सिमकार्ड नाही, बँक नाही, डॉक्टर नाही, घरी पैसे पाठवणं नाही. इकामा कंपनी काढते आणि दर वर्षी तिनंच नूतनीकरण करायचं असतं. आधी कार्डावर तारीख असायची, ती बघून कामगाराला कळायचं. नंतर पाच वर्षांचं कार्ड आलं, नूतनीकरण मात्र संगणकात वर्षाच्या वर्षाला. म्हणजे खिशातलं कार्ड चकचकीत, आणि आतून परवाना कधीच संपलेला. माझं तसंच झालं. कंपनीचं नाव घेत नाही, पण त्यांनी सात महिने नूतनीकरण केलं नव्हतं. मला कळलं कधी? आईच्या ऑपरेशनसाठी पैसे पाठवायला गेलो तेव्हा. काउंटरवरचा केरळी मुलगा हळूच म्हणाला, "भाई, इकामा खलास."

तिथे पहिल्यांदा उशीर झाला तर ५०० रियाल दंड, दुसऱ्यांदा १०००, तिसऱ्यांदा देशाबाहेर. चूक कंपनीची, पण रस्त्यात अडवलं की धरणार मला. पासपोर्टही कंपनीच्या कपाटात. तो असा ठेवून घेणं तिथल्या कायद्यातही बसत नाही, पण नवीन माणसाला हे कोण सांगणार? त्या सात महिन्यांत मी खोली ते काम आणि काम ते खोली याशिवाय कुठे गेलो नाही. जुम्म्याच्या नमाजलाही गल्लीतल्या लहान मशिदीत जायचो, मोठ्या रस्त्यावर नाही.

आता अबशेर ॲपवर स्वतःची तारीख बघता येते. आपल्याकडून जाणाऱ्या प्रत्येक पोराला मी आधी ते ॲप उतरवून देतो, मग बाकीचं बोलतो. बायको-मुलांना नेणार असाल तर हिशेबही आधी करा. माणशी महिन्याला ४०० रियाल शुल्क आहे. माझ्या कुटुंबाला मी त्यामुळेच परत पाठवलं.

विजापूर_रोडकाका, तुमच्या सूनबाईंना माझा सलाम सांगा. "मी बेकायदा आहे का" हा प्रश्न मी सात महिने रोज रात्री स्वतःला विचारलाय.

विजापूर_रोड
रियाधकर, तुमचा प्रतिसाद मुलानं मोठ्यानं वाचला आणि सूनबाईंना जर्मनमध्ये सांगितला. ती उठून आत गेली आणि थोड्या वेळानं येऊन म्हणाली, त्यांना धन्यवाद लिहा. लिहितोय.

काल रात्री अर्ज भरला. शिक्का खरंच फिकट निघाला, सकाळी गच्चीवर नेऊन स्कॅन केला. सी फॉर्मही भरला.

उत्तर_कसबा
थोडं अवांतर. परदेशी सून हा प्रकार सोलापूरला नवा नाही, हे काकांच्या सूनबाईंना नक्की सांगा.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याच गावचे, जन्म १९१०चा. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर जखमींची सेवा करायला चीनला गेले, त्यांत ते होते. बाकीचे परतले, हे राहिले. १९४१ साली तिथल्या परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. मुलगा काही महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ला डॉक्टर गेले. वय अवघं ३२. पुढे गुओ छिंगलान भारतात अनेकदा आल्या. भैय्या चौकातलं डॉक्टरांचं घर आता स्मारक आहे. एखाद्या रविवारी सूनबाईंना आणि नातीला घेऊन जा. नातीला यिनहुआची गोष्ट सांगा, तिच्या नावातही दोन देश असतीलच.

चादर
@उत्तर_कसबा, व्वा. आणि आपण तरी मूळचे कुठले? आमचे पणजोबा तेलंगणातून हातमागावर काम करायला इथे आले. घरात अजून तेलुगू, बाजारात मराठी, आणि भांडण लागलं की दोन्ही. तेव्हा पलीकडे निजामाचं राज्य होतं, इकडे इंग्रजांचं. आजी सांगायची, मागाची धोटी तेवढी पिशवीत घालून आले. कुणी परवाना विचारला नाही, पण सावकाराच्या वहीत नाव लागल्यावरच पणजोबांना आपण इथले झालो असं वाटलं म्हणे. माणसाला कुठेतरी नाव लिहिलेलं लागतंच.

शेंगाचटणी
मागच्या सल्ल्याबद्दल माफी असावी काका, मला एवढं ठाऊक नव्हतं. आता माझा एक प्रश्न. आमच्या अपार्टमेंटला नेपाळी वॉचमन हाय, बायको-पोरांसकट राहतोय. त्याचं बी असं काय भरायचं असतं का? सेक्रेटरी त्याला रोज "पोलिसांचा कागद आण" म्हणून पिळायलेत.

भुईकोट
@शेंगाचटणी, माफी कसली दादा, विचारलंत ते बरं झालं. नेपाळच्या नागरिकाला नेपाळमधून भारतात यायला व्हिसा लागत नाही आणि ही नोंदणीही लागत नाही. १९५०च्या भारत-नेपाळ करारानं दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात राहायची, काम करायची मुभा आहे. भूतानच्या लोकांनाही व्हिसा लागत नाही. त्याच्याकडे नेपाळचं नागरिकता प्रमाणपत्र असेल, तोच त्याचा पुरावा. भाडेकरू किंवा नोकर म्हणून पोलीस ठाण्यात माहिती द्यायची ती कुणाही माणसाची देतो तशी द्या. पण जो आरपी त्याला लागूच नाही तो आणायला सांगून त्याला छळणं बरोबर नाही. सेक्रेटरींना हा प्रतिसाद दाखवा.

कोरा_कागद
मला एक पटत नाही. नियम आहेत, मान्य. पण लग्नाची बायको, तिचं चार वर्षांचं पोर, त्यांच्याकडे शाळेनं, सोसायटीनं, बँकेनं प्रत्येकानं कागद मागायचा? काही दिवसांनी दूधवाला मागेल. संशय घ्यायची सवय लागते समाजाला. चूक नसलेला माणूसही मान खाली घालून चालायला लागतो.

होटगीकर
@कोरा_कागद, तुमची कळकळ समजते. पण मागायचं कसं यात फरक आहे. ते हवालदार माझ्याकडे आले तेव्हा आवाज न चढवता आले. त्याच आठवड्यात आमच्या इमारतीतल्या एकानं त्या पोरांना जिन्यात अडवून "पासपोर्ट दाखव" म्हणून दरडावलं. त्याला तो अधिकार कुणी दिला? ज्याचं काम आहे त्यानं नीट विचारावं, बाकीच्यांनी नमस्कार-चमत्कार करावा.

कोरा_कागद
हे पटलं.

दुबईहून_परत
मी सहसा लिहीत नाही. पण इथे सगळे कागद कुठला, दंड किती हे बोलतायत आणि एक गोष्ट राहून जातेय. कागद कुणाच्या हातात असतो?

लग्न होऊन दुबईला गेले तेव्हा माझा निवासाचा परवाना नवऱ्याच्या नावावर. तो माझा स्पॉन्सर. तिथला नियमच तसा आहे, त्यात वावगं काही नाही. वावगं हे होतं की माझा पासपोर्ट, माझं एमिरेट्स आयडी, लग्नाचा दाखला, सगळं त्याच्या ऑफिसच्या बॅगेत असायचं. सहा वर्षं मला माझ्या परवान्याची तारीख माहीत नव्हती. भांडण झालं की तो एकच वाक्य बोलायचा, "उद्या रद्द करतो." मला वाटायचं, रद्द म्हणजे रात्रीतून पोलीस येतील. एका देशात सहा वर्षं राहून मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून फक्त पार्किंग बघितलंय.

घटस्फोट झाला तेव्हा एका मराठी मंडळातल्या ताईंनी सांगितलं, २०१८ साली तिथे नियम झालाय की घटस्फोटित आणि विधवा बायकांना मुलांसकट एक वर्ष स्पॉन्सरशिवाय राहता येतं. त्या एका वर्षात मी नोकरी धरली, लेकीचं शाळेचं वर्ष पूर्ण केलं आणि मग स्वतःच्या इच्छेनं परत आले. तो नियम मला आधी माहीत असता तर ते "रद्द करतो" मी इतकी वर्षं ऐकून घेतलं नसतं.

काका, तुमचं घर चांगलं आहे हे प्रत्येक ओळीतून कळतं. तुमच्या मुलाबद्दल मला शंका नाही. तरीही सांगते. सूनबाईंची फाइल वेगळी करा. मूळ कागद त्यांच्या कपाटात. पोर्टलचा पासवर्ड त्यांना पाठ. अर्जावर ईमेल त्यांचा, फोन नंबर त्यांचा.

मोहोळची_माई
ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. माझी लेक पुढच्या महिन्यात लग्न होऊन कॅनडाला चाललीये. आजच तिला हे वाचायला देते.

रियाधकर
दुबईहून_परत ताई, बरोबर बोललात. कपाट कंपनीचं असो की घरच्याचं, कुलूप एकच.

विजापूर_रोड
ताई, तुमचं वाचून आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी बराच वेळ बोललो नाही. अर्जात ईमेल मुलाचा घातला होता. मुलगा स्वतःहून म्हणाला, चुकलं. सोयीसाठी केलं, पण चुकलं. तो आता सूनबाईंचा घातलाय.

भुईकोट
छान काका. आता पुढचं सांगून ठेवतो, ओसीआयचं, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया या कार्डाचं. लग्न कधीचं?

विजापूर_रोड
२०१९. म्युनिकलाच नोंदवलंय.

भुईकोट
मग उत्तम. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला, लग्न नोंदवून अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं असेल तर ओसीआय मागता येतं. फक्त भारतात अर्ज करायचा तर इथे सलग सहा महिने राहिलेलं असावं लागतं. म्हणजे आत्ता आरपी, आणि सहा महिने भरले की ओसीआय. व्हिसा वर्षाचा आहे, वेळ पुरेल. नातीला तर एक पालक भारतीय नागरिक म्हणूनच मिळेल. भारतात शुल्क १५,००० रुपये आहे. लग्नाचा दाखला परदेशातला असल्यानं तो नियमाप्रमाणे प्रमाणित केलेला लागतो. आणला नसेल तर आत्ताच कामाला लागा, सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

ओसीआय मिळाल्यावर ही नोंदणीची भानगड राहत नाही, कितीही दिवस राहा. एन्ट्री व्हिसावर नोकरी करता येत नाही, ओसीआयवर येते. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आली तर ती वेगळी गोष्ट. आणि दुबईहून_परत ताईंच्या बोलण्याला धरून हेही स्पष्ट सांगायला हवं, लग्नाच्या आधारावर मिळालेलं ओसीआय लग्न मोडलं तर रद्द होतं. नातीचं मात्र तिच्या आईच्या लग्नावर अवलंबून नाही.

सिद्धेश्वर_एक्सप्रेस
ओसीआयच्या कामाला मुंबईला जावं लागलं तर एफआरआरओ झेवियर्स कॉलेजच्या मागे आहे, सीएसएमटीला उतरून चालत. आमच्या आत्याबाईंच्या वेळी रात्रीच्या गाडीनं गेलो, स्टेशनवरच तोंड धुतलं आणि उघडायच्या आधी दारात हजर. मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स. फोटो ओसीआयच्या मापाचा, दोन इंच बाय दोन इंच चौकोनी. आपल्याकडचे फोटोवाले सवयीनं पासपोर्टच्या मापाचा काढून देतात, आम्हाला परत काढावा लागला होता.

विजापूर_रोड
मंडळी, कळवायला आलोय.

मध्ये एकदा अर्ज परत आला होता, वीजबिल माझ्या नावावर आणि अर्जात नातं लिहिलेलं नव्हतं म्हणून. मी सासरा असून दोघी माझ्या घरी राहतात, असं पत्र सहीनं जोडलं. एक दिवस पोलीस ठाण्यातून दोन जण पत्ता पडताळायला आले. एक महिला कॉन्स्टेबल होत्या. त्यांनी सूनबाईंना मराठीत विचारलं, "जेवण जमतं का आमचं?" सून म्हणाली, "शेंगा चटणी तिखट. पण रोज." त्या हसल्या आणि कागदावर सही घेऊन गेल्या.

दंड भरला. काल दुपारी सूनबाईंच्या ईमेलवर दोघींचे आरपी आले. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढल्या. नाव, पासपोर्ट नंबर, मुदत, आणि खाली आमचा पत्ता, विजापूर रोड, सोलापूर. सूनबाईंनी तो पत्ता बोट ठेवून अक्षर अक्षर वाचला. मग नवी पेठेतून आणलेल्या निळ्या फाइलमध्ये घालून फाइल आपल्या कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली, सौ. लावते तशी.

आज शाळेत गेलो. क्लार्कबाईंनी झेरॉक्स घेतली, मूळ परत दिली आणि म्हणाल्या, "सोमवारपासून पाठवा." त्यांनी त्या दिवशी विचारलं नसतं तर आम्ही अजून झोपेतच असतो. त्यांचे आभार मानून आलो.

एकच विचारायचंय. पावसाळ्यानंतर ही तिघं वरच्या मजल्यावर वेगळी राहणार आहेत. घर नंबर तोच, मीटर वेगळा. कळवावं लागेल?

भुईकोट
अभिनंदन काका! पत्ता तोच राहत असेल तर प्रश्न नाही. घर बदललं, दुसऱ्या गावी गेलात, तर पोर्टलवर पत्ता बदलून घ्यायचा. आणि सहा महिन्यांची तारीख लिहून ठेवा, ओसीआयची.

विजापूर_रोड
लिहिली आहे. मी कॅलेंडर उतरवून खूण करायला गेलो तर सूनबाईंनी तिथे आधीच पेन्सिलनं गोल केलेला होता.